कठड्यावरची तार

झटका तसा बारीकच होता. ओला टॉवेल कठड्यावर पसरताना उजव्या हाताचं पहिलं बोट त्या नव्या तारेला लागलं आणि कोपरापर्यंत काहीतरी सणकत गेलं, कुणी आतून हाडावर टिचकी मारावी तसं. आकांक्षाच्या हातातला टॉवेल पलीकडे देवकाबाईंच्या गच्चीवर पडला, त्यांच्या वाळत घातलेल्या कुरड्यांच्या अगदी कडेला, आणि ती आपलं बोट दुसऱ्या मुठीत धरून उभी राहिली. सकाळची वेळ, तरी पायाखालची फरशी तापायला लागली होती. मागे रेवा बादली पालथी घालून तिच्यावर कपड्यांचे चिमटे मांडत बसली होती आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. टक्. टक्. टक्. हा आवाज कालपासून येत होता. रात्री स्वयंपाकघरात भांडी लावताना तिला वाटलं होतं, कुणाचा तरी नळ गळतोय. तारही तिने संध्याकाळी पाहिली होती. देवकाबाईंच्या मुलीच्या, रूपालीच्या लग्नाचे पाहुणे येतील, कपडे वाळवायला बांधली असेल, असं वाटून गेलं होतं. आता पलीकडच्या जिन्याच्या टपाखाली ठेवलेली पिवळी पेटी तिला दिसली, तिच्यातून निघून तार दोन्ही घरांच्या मधल्या कठड्यावरून, प्लास्टिकच्या खुंट्यांवरून, पार पुढच्या टोकापर्यंत गेलेली.

भीती नंतर आली. आधी आला तो संताप, आणि तोही कुणावर आहे हे ठरायच्या आत आला. कठडा रेवाच्या डोक्याएवढा. पालथी बादली हातभर उंच. म्हणजे बादलीवर चढली की हात सरळ तारेवर. आकांक्षा दिवसभर अशीच मापं घेत असे. टेबलाचे कोपरे आणि रेवाचं कपाळ, टाकीतलं पाणी आणि रेवाचं नाक, फाटकाच्या गजांमधली फट आणि रेवाची मान. घरातल्या खालच्या सगळ्या प्लगांवर तिने चिकटपट्ट्या लावल्या होत्या. तिचा नवरा, रजत, हसायचा, म्हणायचा, मोबाईल चार्ज करायचा म्हणजे आधी ऑपरेशन करावं लागते. आणि इतकं सगळं बुजवून, झाकून, उंचावर ठेवून झाल्यावर करंट आला तो शेजारच्या भिंतीवरून. तिने रेवाला बखोटीला धरून उचललं, इतकं जोरात की चिमटे सांडले आणि पोरगी रडायला लागली. "रडू नको!" ती ओरडली. मग कठड्यापासून वीतभर लांब उभी राहून तिने पलीकडे हाक मारली, "गोपालभाऊ! ओ गोपालभाऊ!"

गोपाल वर आला तो दात घासतच. देवकाबाईंचा थोरला, रोहणा गावचं वावर तोच पाहायचा, आठवड्यातले चार दिवस तिकडे आणि उरलेले इथे, या लेआउटमधल्या घरी. "काय झालं व वहिनी? लागली का?" म्हणाला, आणि हसला.

"लागली का म्हणजे? करंट सोडला तुम्ही कठड्यावर!"

"करंट नाई व तो. झटका मशीन आहे. वावरात डुकरांसाठी लावतो न, थेच. बॅटरीवर चालते. डुक्कर नाई मरत त्यानं, माणूस काय मरते?"

"माझी पोरगी डुक्कर नाही."

"मी कुठं म्हटलं तसं?" त्याने तोंडातला फेस कोपऱ्यात थुंकला. "आखातीच्या मुहूर्तावर रूपालीचं लग्न आहे. रुखवताच्या कुरड्या, सरगुंडे, सारं वरतच वाळू घातलं आहे. मायचा हात पलस्तरात. वांदरं हाकलाले वर कोण बसन? तुमी बसान?"

"निदान विचारायचं तरी. कठडा दोघांचा आहे."

गोपाल हसायचा थांबला. तसा तो वाईट माणूस नव्हता. रेवाला खांद्यावर बसवून त्याने पोळ्याचे बैल दाखवले होते. "कुत्रे नेले तवा तुमी कोणाले विचारलं होतं, वहिनी?" तो हळूच म्हणाला, आणि टॉवेल उचलून, झटकून, तारेला लागू न देता अलगद तिच्याकडे टाकून, खाली निघून गेला.

टॉवेल हातात धरून ती जिन्याच्या सावलीत पायरीवर बसली. रेवा तिच्या मांडीवर हुंदके देत होती. बोटात अजून मुंग्या होत्या. तेच बोट, हे तिच्या लक्षात आलं, आणि लक्षात आल्याचाही तिला राग आला, कारण हे असं लक्षात येणं म्हणजे गोपालचं म्हणणं अर्धं मान्य करणं. पण मान्य करा न करा, ती सकाळ आलीच. संक्रांतीच्या मागची-पुढची, थंडीची. ती रेवाला कडेवर घेऊन फाटकात उभी होती, कोवळं ऊन खायला. कुत्री धरायची जाळीची गाडी आली ती तिने बोलावलेली नव्हती. मागच्या गल्लीतल्या कुणाच्या तरी तक्रारीवर आली होती, आणि रिकामीच परत चालली होती. गाडीतला माणूस, डोक्याला मफलर, हातात फास लावलेली लांब काठी, तिच्यासमोर थांबून म्हणाला, "मॅडम, इकडं आहेत का?" ती काही बोलली नाही. हे तिने पुढे स्वतःला कितीतरी वेळा बजावलं, की मी एक शब्द बोलले नाही. फक्त बोट उचललं गेलं. देवकाबाईंच्या फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली गल्लीतली कुत्री, लाली, झोपली होती, पोट उन्हाकडे करून; बोट तिच्याकडे गेलं. "ऑपरेशन करून इथंच आणून सोडतो," माणूस म्हणाला, जणू तिने पावती मागितली होती. लाली उठलीसुद्धा नाही. शेपटी हलवली तिने, तिला वाटलं कुणी खायला आणलं. मग ती किंचाळली तेव्हा तिच्यासाठी बाकीचे दोन भुंकत धावून आले, तेही गेले. आणि मग तो म्हातारा कुत्रा, मागच्या पायाने लंगडा, जो कुणाच्या अंगावर काय, कुणाच्या वाटेतही येत नसे, तो जागचा हलला नाही म्हणून सगळ्यात सोपा गेला. त्याच्याकडे तिने बोट दाखवलं नव्हतं. "तो नाही, तो नाही!" असं तिला म्हणायचं होतं. पण गाडीचं दार लागलं होतं, आणि कोपऱ्यावरच्या घरातली मेघा गॅलरीत उभी राहून सगळं पाहत होती.

परत कुणी आणून सोडलं नाही. कुठे नेलं, कुणी सांगितलं नाही. रजत रात्री जेवताना म्हणाला, "बरं झालं, गेले एकदाचे. तुझी कटकट मिटली." तुझी कटकट. जसं काही लाली रेवाच्या अंगावर आली तेव्हा तो तिथे नव्हताच. होता, फोनवर बोलत होता. रेवाच्या हातात बिस्कीट होतं, लालीने पुढचे दोन्ही पाय तिच्या छातीवर ठेवले, पोरगी मागच्या मागे पडली, आणि लालीने बिस्कीट उचललं, वर तिचं तोंडही चाटलं. एवढंच. पण आकांक्षाने रेवाला न्हाणीघरात नेऊन सगळे कपडे काढून दिव्याखाली अंगाचा इंच इंच पाहिला होता, दाताची खूण सापडावी अशा हट्टाने. ती सापडली नाही तेव्हा तिला बरं वाटायला हवं होतं. डॉक्टर म्हणाले, गरज नाही. तिने भांडून रेवाला इंजेक्शनं द्यायला लावली. त्यानंतर रात्र रात्र तिला तो लाल जबडा दिसायचा. खोटं नव्हतं ते. आज ज्याला त्याला वाटतं की तिला कुत्र्यांचा त्रास होता म्हणून तिने मौजेने गाडीत भरून दिले. कुणी एकाने तरी तिच्यासारखं दिव्याखाली पोरगी पाहिली होती का? त्या वेळी सगळे म्हणत होते, लहान लेकराची माय आहे, सांभाळून राह्य. सांभाळलं, तर आता म्हणतात, विचारलं होतं का?

त्या संध्याकाळी देवकाबाई रोहण्याहून परतल्या. नेहमीसारख्या भाकरीचा तुकडा घेऊन फाटकात आल्या आणि हाक मारली, "लाले! ए लालेऽऽ!" ती हाक शेवटी वर चढायची, विहिरीतून बादली ओढल्यासारखी. आकांक्षा खिडकीच्या पडद्यामागे उभी होती. दुसऱ्यांदा हाक आली, तिसऱ्यांदा आली नाही. मेघाने सांगितलं असणार. देवकाबाई भांडल्या असत्या तर किती बरं झालं असतं! चार शिव्या दिल्या असत्या, तिनेही दोन दिल्या असत्या, हळदीकुंकवाला तोंड फिरवलं असतं, आणि उन्हाळ्यापर्यंत मिटलं असतं. त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी रेवासाठी तिळाचे लाडू घेऊन आल्या. त्या लाडवांचा राग आकांक्षाच्या दातात अजून अडकून होता.

मग एक दिवस टाकीवर वानर येऊन बसलं. काळं तोंड, लांब शेपूट खाली सोडलेली, आणि तपासणीला आलेल्या साहेबासारखी चहूकडे नजर. आधी ती नहराच्या काठच्या चिंचेवरच असायची, रस्ता ओलांडायची नाहीत. कुत्री ओलांडू द्यायची नाहीत, हे तेव्हा कुणाच्या ध्यानातही नव्हतं. आता दुसऱ्या दिवशी पाच-सहा आली, मग टोळीच. टाक्यांची झाकणं गेली, झाकणं गेली म्हणून पाण्यात पिसं आणि पानं, पाणी खराब म्हणून गल्लीतली पोरं ओकायला लागली. कोपऱ्यावरच्या प्रफुल्लची पाण्याची मोटर रात्रीतून चोरीला गेली, रात्री भुंकणारं कुणी नव्हतं. "पैले कसं, साधं पान वाजलं तरी लाली उठवत होती," प्रफुल्ल तिच्या फाटकासमोर उभा राहून दुसऱ्याच कुणाला तरी सांगत होता, मोठ्याने. रेवा व्हायच्या आधी आकांक्षा दोन वर्षं देवळीच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला जात असे. फळ्यावर ती अन्नजाळ्याचे बाण काढायची, गवताकडून सशाकडे, सशाकडून कोल्ह्याकडे, सुंदर, वळणदार बाण, पोरं वहीत उतरवून घ्यायची. परीक्षेत ती हमखास विचारायची: एक कडी काढून टाकली तर काय होईल? थोडक्यात लिहा. थोडक्यात! त्या दोन शब्दांची आता तिला लाज नव्हे, चीड येत होती. त्या आकृत्यांत खडू धरणारा हात कुठेच नसायचा.

आणि मग गेल्या आठवड्यात देवकाबाई पडल्या. दुपारची वेळ, आकांक्षाने रेवाला नुकतं थोपटून झोपवलं होतं. वर काठी आपटल्याचा आवाज, वानरांची धावपळ, आणि मग तीच काठी एकेक पायरी खडखडत खाली आली, आणि तिच्यामागून एक लहानसं "अगं माय". भिंतीतून ते इतकं जवळ ऐकू आलं की जणू तिच्याच घरात कुणी पडलं. गोपाल रोहण्याला, त्यांच्या यजमानांना, अण्णाजींना, गुडघ्यांमुळे उठता येत नाही, रूपाली बाजारात. रेवाला मेघाच्या हवाली करून आकांक्षानेच स्कुटीवर बसवून नेलं. उन्हाच्या झळा तोंडावर येत होत्या, देवकाबाईंचा धड हात तिच्या खांद्यावर होता आणि मोडका हात दोघींच्या मध्ये, ओढणीच्या झोळीत. बरंच पुढे गेल्यावर त्या म्हणाल्या, "लाली असती तं..." आणि पुढचं गिळलं. ते गिळलेलं आकांक्षाने पाठीवर वाहून नेलं, जाताना आणि येताना. बोला ना! तिला स्कुटी थांबवून ओरडायचं होतं. माझ्यामुळे पडलात म्हणा ना एकदाचं!

लाली असती तर वानरं नसती. वानरं नसती तर देवकाबाई धावल्या नसत्या. त्या धावू शकल्या असत्या तर तार आली नसती. बाण काढत काढत ती पुन्हा आपल्या मांडीवरच्या पोरीपाशी आली, जिच्यासाठी पहिला बाण सुटला होता. रेवा रडून थकून तिच्याच बोटाशी खेळत होती, ते वाकवत होती, सरळ करत होती. टक्, टक्, वर चालूच होतं.

तिने रजतला फोन लावला. समुद्रपूरच्या कॉलेजात तो क्लार्क होता. मागे कुणीतरी जोरजोरात हजेरीबद्दल बोलत होतं. तिने सगळं सांगितलं. "मग तक्रार कर न," तो म्हणाला. "वीज मंडळात फोन लाव. गच्चीवर असं लावता येत नाही. एक फोन केला की झालं, नाव पण सांगायची गरज नाही."

"तू बोल ना गोपालभाऊंशी. संध्याकाळी."

"ए, मले नको पाडू त्यात. लग्नघर आहे. तुझं अन त्याहीचं काय ते तूच पाह्य."

फोन ठेवताच वीज मंडळाचा नंबर शोधायला बोट फोनच्या पडद्यावर गेलं. तेच, पहिलं. ते तिथेच, काचेपासून केसभर वर, थांबलं. नाव पण सांगायची गरज नाही. त्या दिवशी तरी कुठे सांगितलं होतं? माणसं येतील. मशीन नेतील, नेतील तर नेतील, पण आलीच आहेत तर मीटर पाहतील, मांडवाच्या दिव्यांचं विचारतील, अण्णाजी खाटेवरून काहीतरी तिखट बोलतील, गोपाल अंगावर धावून जाईल, रूपालीच्या सासरची माणसं नेमकी त्याच वेळी येतील. आणि त्यापुढे काय, हे तिला दिसत नव्हतं, आणि दिसत नव्हतं म्हणूनच ते होणार होतं. बरं, काहीच नाही केलं, तर? तर बादली आहे, कठडा आहे, रेवा आहे. तिला स्वतःच्या हाताचा इतका राग आला की तिने तो पायरीवर आपटला. केलं तरी तिचंच, नाही केलं तरी तिचंच. सगळ्या लेआउटमध्ये हात काय तिला एकटीलाच होता? कडुनिंबाखाली कुत्री होती तेव्हा त्यांना भाकरी टाकणारे होते, हाड म्हणणारे होते, गाडी आली तेव्हा गॅलरीत उभं राहून पाहणारेही होते, आणि मेघाने तिथून साधं "अहो!" म्हटलं असतं तरी ती गाडी थांबली असती. बोट एकटीचं दिसलं.

तुमी बसान? गोपालचा तो प्रश्न, फेसाळ तोंडाने विचारलेला, तिच्या कानात पुन्हा वाजला. ती उठली. रेवाला कडेवर, रेवाच्या हातात बादली, आणि तशीच, ओढणी न घेता, शेजारच्या फाटकातून आत गेली. गोपाल मोटारसायकल काढून गेला होता. अंगणात मांडवाचे बांबू पडले होते. अण्णाजी ओसरीत खाटेवर, देवकाबाई भिंतीला टेकून एका हाताने गहू निवडत होत्या.

"काकू, ती मशीन बंद करा. लग्न होईपर्यंत वर मी बसते."

"तू?" देवकाबाईंनी मान वर केली. "उनात? अन लेकरू?"

"टपाखाली सावली आहे. तिथे बसेल."

"मास्तरीणबाई आता वांदरांची शाळा भरोनार काय?" अण्णाजी खाटेवरून म्हणाले. "हजेरी घेजो बरं. त्या मोठ्याचं नाव आधी लिहिजो, थो लय खाडे करते."

"तुमी चूप राहा जी," देवकाबाई म्हणाल्या. मग आकांक्षाकडे पाहत राहिल्या, पहिल्यांदाच अशा, मधे लाडू न ठेवता. "वांदरं बायांले भेत नाई, पोरी. बाई पाह्यली की दात दाखवतेत."

"मला भेतील." हे इतक्या रागाने निघालं की रेवाने दचकून तिच्या तोंडाकडे पाहिलं.

देवकाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. दाराआडची काठी धड हाताने काढून तिच्याकडे दिली. तीच, पायऱ्यांवरून खडखडत आलेली. "गोपाल्यानं विचारलं तं मीच बंद करायले लावली म्हणून सांगीन. लाल बटन आहे. दाबजो."

टक् थांबलं. इतकं एकदम थांबलं की कानांना पायरी चुकल्यासारखं झालं. गच्चीवर कुरड्या पांढऱ्याशुभ्र, जाळीदार, जुन्या धोतरांवर ओळीने. पलीकडे परातीत सरगुंडे. रूपालीच्या रुखवतात हे मांडलं जाईल आणि सासरच्या बायका बोटांनी उचलून पाहतील, केवढ्या नाजूक, म्हणतील. कुणाचा हात मोडला होता हे त्यांना माहीत नसेल. आकांक्षा टाकीसमोर उभी राहिली. उन्हाने डोळे चुरचुरत होते. फार वाट पाहावी लागली नाही. आधी मोठा वानर आला, उडी मारून टाकीवर, मग कठड्यावर दोन माद्या, एकीच्या पोटाला पिल्लू घट्ट चिकटलेलं. ते पिल्लू तिला पाहायचं नव्हतं. "हाड!" ती म्हणाली. मोठ्या वानराने मान तिरकी केली. "हाड! चल हो!" काठी फरशीवर आपटली. त्याने दात दाखवले, सावकाश, आणि एक पाय कुरड्यांच्या बाजूला खाली सोडला.

तेव्हा तिच्या पोटातून काहीतरी वर आलं. शब्द नव्हता तो. मफलरवाला माणूस त्यात होता, रजतचं 'नाव पण सांगायची गरज नाही' होतं, गॅलरी होती, लाडू होते, मोटरवाला प्रफुल्ल होता, लालीची उन्हातली शेपटी होती. आणि ते सगळं घशातून खरवडत, तुटक तुटक, पुन्हा पुन्हा बाहेर पडलं, मान पुढे, दात उघडे, काठी विसरलेली. मोठ्या वानराने पाय वर घेतला. मादीने पिल्लू आवळलं आणि मागच्या मागे उडी घेतली. टपाखाली रेवा आधी गप्प झाली, मग तिचा चेहरा उजळला, आणि तीही बादली वाजवत ओरडली, "भो! भो! आई भो!"

आणि खालून, अंगणातून, देवकाबाईंचा आवाज आला, तो जुना, शेवटी वर चढणारा: "छू, लाले! छू! घे त्याले!"

मग एकदम काहीच नाही. तोंडावर हात ठेवल्यासारखं. अण्णाजींचा खोकलाही थांबला. मांडवाचे बांबू, गहू, पलस्तरातला हात, खाली सगळं जिथल्या तिथे थिजलेलं तिला न पाहता दिसलं. काकू, मी आहे, असं म्हणता आलं असतं. तिने म्हटलं नाही. ओरडून तिचा घसा सोलला होता. वानरं गेली नव्हती. पुढच्या घराच्या टाकीवर ओळीने बसून तिच्याकडे पाहत होती, त्यांना कुठलीच घाई नव्हती. तिने वळून पाहिलं तर रेवा पालथ्या बादलीवर उभी होती, टाचा उंचावून, आणि कठड्यावरच्या तारेवरून आपलं इवलंसं बोट पुढे पुढे नेत होती, खुंटीपासून खुंटीपर्यंत. काही झालं नाही. तार नुसती तार होती.

टाकीवरचा मोठा उठून उभा राहिला. ती त्याच्याकडे वळली, आणि या वेळी त्याने दात दाखवायची वाट न पाहता, मगाचपेक्षा खोलातून, भुंकली.